अठ्ठेचाळीस मिनिटांची तासिका

पहाटे ५.००

नळाला पाणी आलं. लालबागच्या गणेश गल्लीजवळची जुनी चाळ, तिसरा मजला. खोली दहा बाय बाराची, वर पोटमाळा. मॅडम पाणी भरतायत. आधी पिण्याचा हंडा, मग दोन बादल्या, शेवटी पिंप. सहाच्या पुढे नळाचा भरवसा नाही.

वय एकोणचाळीस. इतिहासात एम.ए., सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेली. दादर-परळ पट्ट्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात त्या तासिका तत्त्वावर शिकवतात. स्टाफरूममध्ये या लोकांना 'सीएचबी', म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस'वाले, म्हणतात. नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. मुलाखतही दर वर्षी. म्हणून त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, माझं नाव लिहू नका, कॉलेजचंही नको.

आई गॅसपाशी आहे. सत्तरी कधीच ओलांडली. कुळागर-माड सोडून कोकणातून लग्न होऊन आली ती याच खोलीत. गिरण्या चालू होत्या तेव्हा इथे खाणावळ होती. डझनभर गडी दोन्ही वेळ जेवायचे, पैसे पगाराला द्यायचे. तोवर किराणा उधारीवर, व्याज सावकाराचं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आईनंही नंतर घेतलं होतं. हप्ते वेळेवर फेडले, हे ती आजही आवर्जून सांगते.

"चाय घेतलंस गो?" ती विचारते. मॅडमनी अजून घेतलेला नाही.

सकाळी ६.२५

बॅग भरून झाली. दोन पुस्तकं. चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. डबा, पाण्याची बाटली, छत्री. लॅपटॉप, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला, जुना, अठरा हजारांचा. एक्स्टेन्शनची वायर, कारण एका वर्गात प्लग फळ्यापासून लांब आहे. एका डबीत खडू आणि तीन मार्कर. डस्टर, घरी शिवलेलं.

मार्कर पंचवीस रुपयांना एक, पंधरवडाभर टिकतो. कॉलेजच्या स्टोअरमधून मिळतो, पण त्यासाठी विभागप्रमुखांची सही लागते आणि सव्वासातला विभागप्रमुख आलेले नसतात. पदरचे घालणं सोपं.

परळपर्यंत बस आहे. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं. तेव्हापासून मॅडम चालत जातात. ऑगस्टचे दिवस, पाऊस उघडलाय. लालबागच्या पुलाखालून डॉ. आंबेडकर रस्त्यानं. मांडवांचे बांबू फुटपाथला टेकून ठेवलेत. भारतमाता सिनेमा मागे पडतो. पुढे दामोदर हॉलची जागा. सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये बंद झाली. ही लीग ना. म. जोशींनी १९११ मध्ये सुरू केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं चालवली. मजुराला शिकवायचं आणि मजुराला संघटित करायचं, ही दोन्ही कामं जोशींनी एकाच आयुष्यात केली. १९२० मध्ये मुंबईत आयटक ही कामगार संघटना स्थापन झाली, तेव्हा त्यातही ते पुढे होते.

टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या बाजूला पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर अंथरुणं गुंडाळतायत. मॅडम घड्याळ बघतात आणि पाय उचलतात.

सकाळी ७.०५

कायम प्राध्यापकांची हजेरी अंगठ्यावर लागते. सीएचबीवाल्यांसाठी वेगळी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, लांबट, कोपरे झिजलेली. रकाने हातानं आखलेले. तारीख. तासिका क्रमांक. वर्ग. शिकवलेला घटक. उपस्थित विद्यार्थी. अध्यापकाची सही. विभागप्रमुखांची सही. प्राचार्यांची सही.

एका तासिकेची एक ओळ. त्या ओळीचे नऊशे रुपये. ओळ राहिली तर पैसे गेले. वर्ग झाला, मुलांनी वह्या भरल्या, तरी रकाना रिकामा म्हणजे तासिका झालीच नाही. मॅडम पेन काढून तीनही ओळींच्या तारखा आधीच घालून ठेवतात. सह्या मात्र तास झाल्यावर.

नऊशे हा आकडा सहज आलेला नाही. २०१८ च्या सप्टेंबरात एमफुक्टोनं, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघानं, बेमुदत कामबंद पुकारलं. मागण्यांत रिक्त जागा होत्या, सीएचबीचं मानधनही होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पदवी वर्गांसाठी तासिकेला पाचशे रुपयांचा निर्णय निघाला. २०२१ मध्ये सव्वासहाशे झाले. २०२३ मध्ये नऊशे. प्रत्येक वाढीमागे निवेदनं आहेत, आझाद मैदानावरची धरणी आहेत, पावसात भिजलेले फलक आहेत. मॅडम त्यातल्या काहींना गेल्यात. गेलेल्या दिवसाची तासिका अर्थात बुडते.

सकाळी ७.२०

प्रथम वर्ष. पटावर एकशे वीस, वर्गात साठ-पासष्ट. पंखे चार, फिरणारे तीन. तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची. मुंबईतल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षं हीच पद्धत आहे.

तिसऱ्या बाकावर एक मुलगा डोकं टेकून झोपलाय. रात्री एकपर्यंत तो जेवणाची पार्सलं पोचवतो. मॅडमना ठाऊक आहे. त्या त्याला उठवत नाहीत. तास संपल्यावर फळ्याचा फोटो त्याला पाठवायला शेजारच्या मुलीला सांगतात.

सकाळी ८.०८

आता ऑफ. म्हणजे मधली एक तासिका रिकामी. कायम माणसाला ती पगारात धरलेली असते. मॅडमना ती बिनपैशाची. घरी जाऊन यावं इतका वेळ नाही. त्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसतात आणि पुढच्या तासाचं टिपण काढतात. गेल्या वर्षीचं टिपण आहे, पण अभ्यासक्रम बदललाय. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची नावं बदलली, श्रेयांक बदलले, काही पेपर निम्म्यावर आले. एक नवा पेपर म्हणजे किमान पंधरा-वीस दिवसांचं वाचन. त्याचा रकाना वहीत नाही.

सकाळी ८.५६

तृतीय वर्ष. मुलं अठ्ठावीस. आधुनिक महाराष्ट्र. आज नारायण मेघाजी लोखंडे.

मॅडम खडू उचलतात. आवाज जरा खाली घेतात, मग मुलं ऐकायला लागतात. १८८४ साल. परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा. "सुपारीबाग कुठे, माहितीय?" दोन हात वर होतात. "तुम्ही सकाळी जिथून चालत आलात, तिथेच." लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्या सभेत मागण्या ठरल्या. आठवड्याला एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला.

पगाराच्या तारखेवर मॅडम थांबत नाहीत. फळ्यावर लिहितात आणि पुढे जातात. पण मागच्या बाकावरची एक मुलगी विचारते, "मॅडम, तुमची पण युनियन असते का?"

"असते. मुंबईत बुक्टू आहे, राज्यात एमफुक्टो."

"म्हणजे तुम्ही पण कामगार?"

मॅडम खडू खाली ठेवतात. हा प्रश्न परीक्षेला येणार नाही, तरी त्या पाच मिनिटं देतात. गोव्यातली एक शिक्षिका होती, सुंदरंबाळ. नोकरीवरून काढलं म्हणून तिनं औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की शाळेची व्यवस्था उद्योगात मोडते, पण शिक्षक या कायद्यातला 'कामगार' होत नाही. शिपाई होऊ शकतो, क्लार्क होऊ शकतो. शिक्षकाचं काम वेगळ्या प्रतीचं, असं न्यायालय म्हणालं.

"मग तुम्ही कोण?" मुलगी विचारते.

घंटा होते. मॅडम म्हणतात, "गुरुवारी इथून पुढे."

सकाळी ९.५०

स्टाफरूम. लाकडी कपाटांवर नावांच्या पट्ट्या आहेत. सीएचबीवाल्यांना कपाट नाही. त्यांच्या बॅगा खिडकीखालच्या बाकावर. एकूण सहा बॅगा. इतिहासाला दोन मंजूर पदं. एक सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, ती जागा भरलेली नाही. मॅडम त्या जागेचे तास घेतात.

चहा बारा रुपयांचा. अठ्ठावन्न वर्षांचे एक सर पैसे देतात आणि मॅडमना देऊ देत नाहीत. सर अर्थशास्त्राचे, कायम, संघटनेचे जुने कार्यकर्ते. २०१३ मध्ये फेब्रुवारीपासून मेपर्यंत प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता. त्या काळातला एकाहत्तर दिवसांचा पगार सरकारनं कापला. तो परत मिळवायला पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या.

"आम्ही तीन महिने काढले," सर म्हणतात. "घरात शिल्लक होती म्हणून निघाले. तुमच्यानं एक महिना नाही निघणार. हे आम्ही तेव्हाच ओळखायला हवं होतं. जागा रिकाम्या होत गेल्या, आणि रस्त्यावर येणारे हातही कमी होत गेले."

पलीकडे मोबाईलवर एकजण बातमी वाचून दाखवतो. अमेरिकेत संशोधक विद्यार्थ्यांच्या संपाचं काहीतरी. सरांना २०२२ आठवतं. कॅलिफोर्निया विद्यापीठात अठ्ठेचाळीस हजार लोक संपावर गेले होते. शिकवणारे सहायक, संशोधक, पोस्टडॉक. दीडेक महिना चालला, पगारवाढ घेऊन संपला. त्यांची युनियन कुठली? मोटार कामगारांची. गाड्या जोडणारे आणि ट्युटोरियल घेणारे एकाच झेंड्याखाली.

"आपल्याकडे तर स्टाफरूममध्येच दोन बाकं," सर म्हणतात. कोणी काही बोलत नाही. मॅडम कप उचलून ठेवायला जातात.

सकाळी १०.५२

द्वितीय वर्ष. आज मुलं कमी. एका पेपरचे तास पुढच्या सत्रापासून 'स्वयम्'च्या ऑनलाइन कोर्सवर न्यायचा विचार आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंत कोर्स तसे करता येतात. कोर्स चांगले असतात. मॅडम स्वतः त्यातली व्याख्यानं ऐकतात, मुलांना लिंक पाठवतात. पण व्हिडिओ झोपलेल्या मुलाला ओळखत नाही. आणि आठवड्याचे तीन तास गेले की महिन्याचे दहा हजार आठशे गेले. मॅडमनी तो गुणाकार करून ठेवलाय.

आज ग्रामीण कर्जबाजारीपणा. शेवटची दहा मिनिटं उत्तरं कशी लिहायची त्याची. ११.४० ला तास सुटतो. वहीत तिसरी ओळ भरून होते.

सकाळी ११.४५

ऑफिस. जुलैचं बिल द्यायचंय. नमुना छापील. तीन प्रती, सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स, वेळापत्रक, नेमणूक मान्यतेची प्रत. झेरॉक्स दोन रुपये पान, एकूण अठ्ठावीस रुपये. ऑफिसातले काका चष्मा कपाळावर चढवून ओळी मोजतात.

"मॅडम, सोळा तारखेला दुसरी सही नाही."

"काका, सर रजेवर होते त्या दिवशी."

"मग इनचार्जची घ्या. नाहीतर सहसंचालक कार्यालयातून परत येतं. गेल्या वेळी आलं ना? दोन महिने गेले."

काका वाईट नाहीत. बिल परत आलं की त्यांनाच पुन्हा बसावं लागतं. मॅडम वही घेऊन जिना चढतात, इनचार्ज मॅडमना शोधतात, सही घेतात, परत येतात. पस्तीस मिनिटं. जुलैचं बिल आज गेलं. पैसे कधी येतील, काका सांगत नाहीत. गेल्या शैक्षणिक वर्षातलं मार्चचं बिल जूनच्या शेवटी जमा झालं होतं.

इथे जरा हिशोब मांडतो. आठवड्याला नऊ तासिका. नऊ नव्वे एक्क्याऐंशी, म्हणजे आठ हजार शंभर. चार आठवडे धरले तर बत्तीस हजार चारशे. ऐकायला बरे वाटतात. पण गणपतीची सुट्टी आली की तासिका नाही. दिवाळी, नाताळ, अंतर्गत परीक्षा, सत्र परीक्षा, निवडणुकीसाठी कॉलेजची इमारत घेतली ते दिवस, अतिवृष्टीचा दिवस, सगळे बिनतासिकेचे. मे महिना पूर्ण कोरडा. गेल्या वर्षी मॅडमच्या एकशे शहाऐंशी तासिका झाल्या. एक लाख सदुसष्ट हजार चारशे रुपये. बाराने भागा. तेरा हजार नऊशे पन्नास.

त्याच वर्गात, त्याच पदवीवर, कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सत्तावन्न हजार सातशे आहे. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. यूजीसीनं २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला दीड हजार, महिन्याला कमाल पन्नास हजार असा दर सुचवला होता. राज्याचा दर अजून नऊशेवर आहे.

दुपारी १२.३०

घरी जाता येत नाही. नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाईल आहे. सात निकष, प्रत्येकाचे उपनिकष, प्रत्येकाला पुरावा. विभागातल्या कार्यक्रमांचे फोटो, तारखेसह, ठिकाणाच्या खुणेसह. मॅडमच्या वाट्याला दुसरा निकष आलाय, अध्यापन-अध्ययन आणि मूल्यमापन. त्यात एक प्रश्न मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, असा आहे. तक्ता भरताना मॅडम स्वतःचं नाव त्यात घालू शकत नाहीत. त्या पूर्णवेळ नाहीत. घड्याळात दीड वाजलाय आणि त्या सातपासून इथे आहेत.

ह्या कामाचं मानधन नाही. नाही म्हटलं तर कोणी रागावणार नाही. पण जूनमध्ये मुलाखत असते.

दुपारी २.००

डबा. पोळी, वालाची उसळ, लोणचं. आईच्या हाताची. बाकावरच बसून, बॅग मांडीशी. शेजारी मराठीच्या सीएचबी मॅडम, त्या कल्याणहून येतात. टाळेबंदीच्या वर्षी त्यांनी भाजीची गाडी लावली होती. दुकानदार भावानं जागा दिली म्हणून निभावलं, म्हणतात. दोघी अर्धी अर्धी उसळ वाटून घेतात.

दुपारी ३.००

दादर पश्चिम. स्टेशनजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास. चाळीस मुलं, एसी चालू. आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास, तासाला सातशे. हातात रोख, त्याच दिवशी. इथे वही नाही, सही नाही, बिल नाही. उद्यापासून येऊ नका म्हणाले तर तेही त्याच दिवशी.

इथे इतिहास प्रश्नांच्या रूपात शिकवायचा. गिरणी कामगारांची पहिली संघटना कोणती, साल कोणतं, पर्याय चार. सकाळी ज्या लोखंड्यांना अठ्ठेचाळीस मिनिटं लागली, ते इथे एका ओळीत बसतात. एक मुलगा सोलापूरकडचा. त्याचीही सेट झालीय. प्राध्यापक व्हायचं होतं. जाहिरातींची वाट बघून तो इकडे आला. राज्यात २०१८ मध्ये तीन हजार पाचशे ऐंशी पदं भरायला मंजुरी मिळाली. त्यातली दोन हजार अठ्ठ्याऐंशी राहिली, त्यांना पुन्हा मंजुरी द्यायला २०२१ चा नोव्हेंबर आला. मधल्या काळात या मुलाची पंचविशी सरली.

"मॅडम, तुम्ही का नाही सोडत?" तो जिन्यात विचारतो.

"मला शिकवता येतं," मॅडम म्हणतात.

संध्याकाळी ५.२०

दादर स्टेशन. फुलबाजाराची बाजू टाळून पुलावर चढायचं. एक वडापाव, वीस रुपये. चर्नी रोडचं तिकीट, पाच रुपये. स्लो गाडी, बायकांचा सेकंड क्लास, चौथी सीट नाही. बॅग पुढे घेऊन मॅडम दारालगतच्या पॅसेजमध्ये उभ्या राहतात आणि एका हातानं मोबाईलवर मुलांच्या असाइनमेंट उघडतात.

लोअर परळ येतं. काचेच्या इमारती. वडिलांची गोष्ट मॅडमनी इथेच, गर्दीत, तुटक तुटक सांगितली.

ते गिरणीत बदली कामगार होते. साचे खात्यात. पहिली पाळी सातची. त्याआधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम माणूस आला नाही तर बदलीला आत घ्यायचे. आला तर घरी परत, हात हलवत. कामावर घेणाऱ्या जॉबरची मर्जी सांभाळायची. काही लोक दहा-दहा वर्षं बदलीच राहिले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. पगारवाढ ही मागणी सगळ्यांना आठवते. बदलीवाल्यांना कायम करा, हीही मागणी त्यात होती. संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गडी गावाला गेले, आईची खाणावळ बसली. वडील पुढे एका सोसायटीत वॉचमन झाले. मॅडमचा जन्म त्यानंतरचा.

"बाबांना गेटवर कळायचं, आज काम आहे की नाही," मॅडम म्हणतात. "आणि आत घेतलं की पूर्ण पाळी भरायची. आठ तासांचे पैसे. मला मधल्या ऑफचेही मिळत नाहीत."

गाडी ग्रँट रोड सोडते.

संध्याकाळी ६.३०

गिरगाव. संध्याकाळचे वाणिज्य वर्ग, विनाअनुदानित. दोन तासिका, प्रत्येकी पाचशे, तीन महिन्यांनी चेक. पोरं कामावरून थेट आलेली. कुणी झवेरी बाजारात, कुणी कुरिअरमध्ये, एक मुलगी नर्सिंग होममध्ये रिसेप्शनला. युनिफॉर्मवरच बसलेत.

मुंबईत कमावत शिकणाऱ्यांची सोय ही जुनी गोष्ट. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं हा विचार त्यामागे होताच. ही मुलं त्याच वाटेवरची आहेत. फी मात्र पूर्ण भरतात, सवलत थोड्यांनाच. त्यातला किती भाग शिकवणाऱ्याकडे येतो, हे तासाच्या पाचशेवरून कळतं.

फाउंडेशन कोर्स. आज मानवी हक्क. मॅडमचा घसा बसलाय. त्या पुस्तकातली कलमं वाचून दाखवत नाहीत. प्रत्येकाला विचारतात, तुमच्या कामावर आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी? अकरा जणांना ठरलेली सुट्टी नाही. फळ्यावर आकडा लिहून त्या तास सुरू करतात. पुढची पन्नास मिनिटं कुणी मोबाईल काढत नाही. बडबड आहे, पण विषयाचीच. रिसेप्शनची मुलगी सांगते की सुट्टी मागितली तर दिवसाचा पगार जातो. कुरिअरवाला म्हणतो, आम्हाला तर ते कामगारच म्हणत नाहीत, पार्टनर म्हणतात. मॅडम ते शब्दशः वहीत उतरवून घेतात. तृतीय वर्षाच्या गुरुवारच्या तासाला कामी येईल.

रात्री ८.४०

परतीची लोकल, पाच रुपये. लोअर परळला उतरून करी रोडच्या पुलावरून चालत लालबाग. चिवडा गल्लीतून पावशेर चिवडा, आईला हवा असतो. घरी पोचतात तेव्हा नऊ वाजून गेलेत. मंडळाची मुलं वर्गणीची पावती ठेवून गेलीयत.

रात्री ९.४५

जेवण झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर सीएचबी गटात एकशे सतरा मेसेज. रविवारी सभा आहे. मागण्यांचा मसुदा फिरतोय. समान कामाला समान वेतन. मानधन दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला. नेमणूक अकरा महिन्यांची. अनुभव भरतीत धरावा. बायकांसाठी प्रसूती रजा. शेवटची मागणी मॅडमनी घातलीय. गटातली एकजण जानेवारीत बाळंत झाली आणि तिचं सत्रच गेलं.

कुणीतरी लिहिलंय, नावं जाहीर झाली तर जूनमध्ये अडचण. मॅडम उत्तर टाइप करतात, "मी येतेय. माझं नाव यादीत घाला." मग मला आठवण करून देतात, "सभेच्या यादीत. तुमच्या लेखात नको."

रात्री १०.१५

उत्तरपत्रिका. चाळीस होत्या, बावीस होतात. लाल पेन. एका पोरानं 'बदली कामगार' ऐवजी 'बदललेला कामगार' लिहिलंय. मॅडम गुण कापत नाहीत, समासात दोन ओळींत समजावून लिहितात. अशा दोन ओळी प्रत्येक पेपरावर. म्हणून वेळ लागतो.

रात्री ११.२०

डायरी. आजचा हिशोब. कॉलेज तीन तासिका, दोन हजार सातशे, येणं. गिरगाव एक हजार, येणं. दादर चौदाशे, रोख. खर्च झेरॉक्स अठ्ठावीस, वडापाव वीस, तिकिटं दहा, चिवडा वेगळा. घराबाहेर पावणेपंधरा तास. आज हातात आलेले फक्त क्लासचे. लोखंड्यांनी पंधरा तारखेची मागणी केली त्याला एकशे चाळीस वर्षं झाली.

वाचकांना एक विनंती. तुमचं मूल जूनमध्ये कॉलेजला जाईल. तेव्हा कॅन्टीन बघा, लायब्ररी बघा, पण ऑफिसात एक प्रश्नही विचारा. या विषयाची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि जे तासावर शिकवतात त्यांचं शेवटचं बिल कोणत्या महिन्याचं निघालं? उत्तर लेखी मागा. पालकांनी विचारायला सुरुवात केली तर रविवारच्या सभेतल्या माणसांना बळ येईल.